कलेक्टरची जप्ती

दौंड स्टेशनात पॉइंट्समन असलेल्या मेहमूद तांबोळीनं चोवीस वर्षांत एकही गाडी चुकीच्या रुळावर घातली नव्हती. गाडी हलायच्या आधी तीन ठिकाणी बघायचं, दोनदा विचारायचं, मग वहीत सही करायची. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी गॅस बंद केल्यावरसुद्धा तो बायकोला, नूरबीला विचारायचा, "तू बघितलंस ना?" अशा माणसानं आयुष्यात एकच सही न वाचता केली, आणि नेमकी तीच सात वर्षांनी जूनच्या पगारात उगवली.

पगार अकरा हजारांनी कमी आला होता. पगारबिलाच्या बाबूनं त्याला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात, म्हणजे पलीकडच्या तीन टेबलांना नीट ऐकू जाईल एवढ्याच, सांगितलं, "तांबोळी, शिरूरच्या कोर्टाचा कागद आलाय. तुमच्या पगारावर जप्ती हाय."

"कशाची जप्ती?"

"शैक्षणिक कर्ज. तुम्ही शिकताय का कुठं?"

तीन टेबलं हसली. मेहमूद हसला नाही. तो शिकत नव्हता, त्याची मुलगी तहमीनाही तेव्हा अजून बारावीच्या निकालातून बाहेर पडलेली नव्हती. शिकून झालं होतं ते पिंपळदऱ्याच्या सर्जेराव आप्पा वाळुंजांच्या मुलाचं. कागदावर तीन नावं होती. कर्जदार सत्यजीत, सहकर्जदार म्हणून त्याचा बाप सर्जेराव, आणि जामीनदार मेहमूद. कायद्याला तिघं सारखे. बँकेनं मात्र तिघांकडे नीट निरखून पाहिलं. एकाकडे पदवी होती पण नोकरी धड नव्हती, दुसऱ्याकडे सगळं होतं पण नावावर काही नव्हतं, आणि तिसऱ्याला दर महिन्याच्या शेवटी सरकार न चुकता पगार देत होतं. बँकेला फार विचार करावा लागला नाही.

सहीची हकीगत अशी. पिंपळदरा हे शिरूरपासून अर्ध्या तासावरचं गाव, मेहमूदचं जन्मगाव. त्याच्या वडिलांची पानाची टपरी सर्जेरावांच्या वडिलांच्या जागेत होती आणि तीस वर्षांत कुणी भाड्याचा शब्द काढला नव्हता. तो शब्द काढला नाही हे मात्र सर्जेराव वर्षातून दोनदा तरी आठवणीनं काढत. सत्यजीतला इंजिनिअर करायचं ठरलं तेव्हा ते मेहमूदला शिरूरला घेऊन गेले, एसटी स्टँडसमोर भजी-चहा झाला आणि मग म्हणाले, "मेहमूद, तुझी एक सही लागती. रेल्वेवाल्याची सही म्हंजी सोनं. नुसती फॉर्मॅलिटी हाय."

एक म्हणाले, पण बँकेत बावीस ठिकाणी घेतल्या. एवढ्या सह्या मेहमूदनं निकाहातही केल्या नव्हत्या. पानं वाचायला घेतली तर सर्जेरावांचा चेहरा पडला. "का रं, इस्वास न्हाई व्हय?" झालं. रेल्वेची वही दोनदा वाचणारा माणूस बावीस पानांवर डोळे मिटून सही करून मोकळा झाला.

पुढच्या आठवड्यात मारुतीच्या देवळासमोर सत्यजीतच्या ॲडमिशनचा सोहळा झाला. आधी एका पुढाऱ्याचा सत्कार, मग बँकेच्या मॅनेजरचा, मग मेहमूदचा. शाल, नारळ आणि टाळ्या. जामीनदाराचा जाहीर सत्कार करणारा माणूस तालुक्यात दुसरा झाला नसेल. ती शाल अजून मेहमूदच्या घरी होती. नूरबी ती इस्त्रीच्या कपड्यांखाली अंथरायची, कारण थंडीला ती काही उपयोगाची नव्हती.

सत्यजीत शिकला, पास झाला. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी कामावर लागला, बारा हजारांवर. इंजिनिअरचं काम नव्हे, पेट्या मोजायचं. त्यातून गाडीचं पेट्रोल आणि जेवण भागायचं, हप्ता भागायचा नाही. बँकेनं दोन वर्षं पत्रं पाठवली, मग दावा लावला. मेहमूदचं समन्स पिंपळदऱ्याच्या जुन्या घरी गेलं. घराला कुलूप. बेलिफानं ते दारावर चिकटवलं. सर्जेरावांनी फोन करून सांगितलं, "तुझ्या दाराला एक कागद लागलाय कोर्टाचा. मी बघतो समदं. तू उगं ड्युटी बुडवून येऊ नगं." त्यांनी इतकं व्यवस्थित बघितलं की तारखेला कुणीच गेलं नाही, आणि कोर्टानं बँकेच्या बाजूनं एकतर्फी हुकूमनामा दिला. व्याज, खर्च सगळं धरून साडेसहा लाखांच्या आसपास.

जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट, सप्टेंबर. दर महिन्याला अकरा हजार जात होते आणि दर महिन्याला मेहमूद सर्जेरावांना फोन करत होता. "बघतो," असं सर्जेराव म्हणत. मेहमूद नूरबीला म्हणायचा, "आप्पा बघतायत." नूरबी म्हणायची, "सात वर्सं झाली, डोळं दुखत न्हाईत का त्यांचं?"

एवढ्यावर निभावलं असतं तर मेहमूदनं ते गिळलं असतं. त्याचा स्वभावच तसा. पण ऑक्टोबरमध्ये तहमीनाला पुण्यात नर्सिंगला सीट मिळाली. पंचवीस तारखेपर्यंत फी भरायची होती, नाहीतर सीट यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. तहमीना आणि मेहमूद दौंडच्या बँकेत कर्जाला गेले. साहेबांनी मुलीचे मार्क बघून खुर्ची दिली आणि बापाचं नाव संगणकात टाकून खुर्ची परत घेतल्यासारखा चेहरा केला.

"तुम्ही थकबाकीदार आहात," ते म्हणाले.

"मी न्हाई साहेब. मी जामीनदार."

"आमच्याकडे एकच. जुनं खातं बंद झाल्याचं पत्र आणा, त्याच दिवशी मंजूर करतो."

बाहेर आल्यावर तहमीनानं मार्कशीट पिशवीत ठेवली. गावच्या दवाखान्यात आजी गेली तेव्हा सलाईन लावायला नर्स नव्हती, त्या दिवसापासून या पोरीनं नर्स व्हायचं मनात घेतलं होतं. ती नुसती म्हणाली, "अब्बा, दुसऱ्याच्या पोराला शिकवलंत, चांगलंच झालं." त्यात टोमणा नव्हता, म्हणून मेहमूदला ते जास्तच लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पिंपळदऱ्याला गेला. वेशीवरच वीस फुटी फ्लेक्स त्याच्या स्वागताला उभा होता. त्यावर कपाळाला गुलाल लावलेला एक पांढराशुभ्र बैल, शेजारी काळा गॉगल घातलेले सर्जेराव, आणि खाली लिहिलेलं, "घाटाचा राजा कलेक्टर. किंमत फक्त २१ लाख. मालक श्री. सर्जेराव (आप्पा) वाळुंज." मुलगा इंजिनिअर होऊन पेट्या मोजत होता. बैल मात्र शाळेत न जाता कलेक्टर झाला होता.

सर्जेराव गोठ्यात होते. कलेक्टरचा खुराक चालला होता. बदाम, दूध, गावठी अंडी. गोठ्याला पंखे होते, दोन.

"आप्पा, पोरीची सीट जाती," मेहमूद म्हणाला. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं.

सर्जेरावांना खरंच वाईट वाटलं. त्यांना नेहमीच खरंच वाईट वाटायचं, हीच तर पंचाईत होती. "मेहमूद, तुझी पोरगी ती माझी पोरगी. पर माझ्या नावावर हाय काय? जमीन बायकोच्या, पुतळाबाईच्या नावावर. घर आईच्या. स्कॉर्पिओ मेव्हण्याच्या, हौसरावच्या. मी फाटका माणूस. आन् सरकार माफ करणार हाय ही असली कर्जं, थांब जरा."

"कवा?"

"आज ना उद्या." एवढं बोलून त्यांनी कलेक्टरच्या तोंडात अंडं फोडलं.

सत्यजीत दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं मेहमूदला गाडीवरून शिरूरच्या स्टँडवर सोडलं. स्टँडवर गाडी बंद न करताच म्हणाला, "चाचा, माझ्यामुळं झालं हे. मला तुमच्याकडं बघवत न्हाई."

"तू काय केलंस? नोकरी नसली तर तू तरी काय करशील?"

"समद्या वस्तू दुसऱ्याच्या नावावर हायेत," सत्यजीत म्हणाला. "कलेक्टर तेवढा आप्पांच्या सवताच्या. त्याला दुसऱ्याचं नाव लावायला मन धजत न्हाई त्यांचं. येवढंच सांगायचं होतं." आणि तो कामाच्या पाळीला निघून गेला.

मेहमूद एसटीत बसला नाही. तो तडक कोर्टात गेला आणि बँकेच्या वकील वैष्णवीताईंना गाठलं. तिशीची बाई, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी सर्जेरावांचं प्रतिज्ञापत्र काढलं. हुकूमनाम्यानंतर कोर्टानं मालमत्ता सांगायला लावली होती, तेव्हा शपथेवर लिहून दिलेलं. त्यात एकच ओळ होती, "एक वृद्ध बैल, शेतीकामाकरिता."

"शेतीचा बैल जप्त करता येत नाही, कायद्यानंच तसं ठेवलंय," वैष्णवीताई म्हणाल्या. "शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, बायकांचं मंगळसूत्र, घरातली भांडी, याला हात लावायचा नाही."

मेहमूदनं मोबाइलवरचा फ्लेक्सचा फोटो पुढे केला. वैष्णवीताईंनी तो मोठा करून पाहिला, मग प्रतिज्ञापत्र पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"वय फारच मानवलंय हो या वृद्धाला," त्या म्हणाल्या. आणि चार दिवसांत कोर्टातून जप्तीचं वॉरंट निघालं.

वॉरंट बजावायचं काम नवनाथ बेलिफाकडे आलं. वीस वर्षं बंद दारांवर कागद चिकटवून या माणसाची बोटं डिंकाची झाली होती. मेहमूदच्या दारावरचं समन्सही त्यानंच चिकटवलेलं. मेहमूदला बघून तो म्हणाला, "तुमचं दार सागवानी हाय. चिकटत नव्हतं नीट." मग अडचण सांगितली. बैल गोठ्यात धरायला गेलं तर गोठा रिकामा असणार आणि गावात कुणी पंच होणार नाही. "तो बैल चारचौघांत कवा दिसतोय, ते सांगा."

ते सांगायला मेहमूदची गरज नव्हती. तालुकाभर फ्लेक्स लागले होते. बावीस तारखेला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त पलीकडच्या गावच्या घाटात बैलगाडा शर्यत होती.

घाट म्हणजे माळावरचा चढ, दोन्ही बाजूंनी माणसं, मधून गाडे पळणार. पाच हजारांची गर्दी, उसाचा रस, टोप्या, धुरळा, आणि या सगळ्यावर लाऊडस्पीकर. निवेदकाला बैलमालकांनी पाचशे-पाचशेच्या नोटा दिल्या होत्या, त्यामुळे तो बैलांपेक्षा मालकांचंच जास्त कौतुक करत होता. नवनाथ बेलिफ टेम्पो घेऊन आला. पंच म्हणून टेम्पोवाला आणि त्याचा चुलतभाऊ. बँकेचा एक कारकून माल दाखवायला आला होता, पण बैल बघितल्यावर तो टेम्पोतून खाली उतरला नाही. त्यानं काचेतूनच बोट दाखवलं.

मेहमूद गर्दीत जरा मागं उभा राहिला. ज्यांच्या जागेत बापानं तीस वर्षं टपरी चालवली, त्यांच्यावर आपण वॉरंट आणलं, हे मनात आलं की तो आणखी एक पाऊल मागं सरायचा. मग त्याला पंचवीस तारीख आठवायची आणि तो पुन्हा ताठ व्हायचा.

नवनाथनं सर्जेरावांना वॉरंट वाचून दाखवलं. पैसे भरा, नाहीतर बैल ताब्यात. सर्जेराव तालुक्याच्या राजकारणात उगीच पंचवीस वर्षं टिकले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बैल माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

"ह्या हौसरावचा. मेव्हण्याचा. मी नुसता संभाळतो."

हौसराव शेजारीच होता. स्कॉर्पिओही त्याच्याच नावावर असल्यामुळे त्याला अशा प्रसंगांची सवय होती. त्यानं मान डोलावली. मेहमूदला पुढचं सगळं दिसलं. झालं, आता नवनाथ रिपोर्ट लिहिणार, बैल तिसऱ्या माणसाचा, वॉरंट परत. पुढची तारीख मिळेपर्यंत तहमीनाच्या सीटवर दुसरीच मुलगी बसलेली असेल.

पण नवनाथ बेलिफानं वीस वर्षांत दारांशिवाय माणसंही पाहिली होती. त्यानं पेन काढलं. "मग काय, सोपं हाय. हौसराव, लिहून द्या, बैल तुमचा. आन् आप्पा, रिपोर्टला साक्षीदार लागतात, तुम्ही येवढं माईकवर सांगून टाका. कलेक्टरचे मालक हौसराव, माझा संबंध न्हाई. पाच हजार साक्षीदार मिळतात मला, मी निघालो."

"देतो की लिहून," हौसराव म्हणाला. त्यानं टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला. "आन् मग सत्काराला ष्टेजवर मीच जातो, दाजी. मालकालाच बोलावत्यात ना. फ्लेक्सवरचा फोटो पण बदलावा लागंल."

सर्जेरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कोर्टाच्या कुठल्याही कागदानं आजवर आणलं नव्हतं. नेमका त्याच वेळी लाऊडस्पीकर गरजला. "पुढचा गाडा, पिंपळदऱ्याचे बैलगाडा सम्राट सर्जेराव आप्पा वाळुंज यांचा, घाटाचा राजा, एकवीस लाखांचा कलेक्टर!" शिट्ट्या उठल्या. टोप्या उडाल्या. नवनाथनं निवेदकाकडून माईक मागून घेतला आणि अदबीनं सर्जेरावांच्या हातात दिला.

सर्जेरावांनी हौसरावकडे पाहिलं. हौसराव हसत होता. शेतजमीन बायकोच्या नावावर करताना सर्जेरावांनी मागंपुढं पाहिलं नव्हतं, घर आईच्या नावावर करताना नाही, शपथेवर खोटं लिहून देताना तर मुळीच नाही. एका मेहनती मुलाला आणि एका भल्या गाववाल्याला सात वर्षं तोंडघशी पाडतानाही त्यांची झोप उडाली नव्हती. पण पाच हजार लोकांसमोर बैल माझा नाही म्हणायचं म्हटल्यावर त्यांना ते शब्द उच्चारवेनात.

"कलेक्टर," ते माईकवर म्हणाले, आणि थांबले. "कलेक्टर माझा हाय. दुसऱ्या कुनाच्या बापाचा न्हाई. पोटच्या पोरापरीस जीव लावलाय त्याला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवनाथनं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, टेम्पोवाल्याच्या आणि चुलतभावाच्या सह्या घेतल्या आणि कलेक्टरच्या वेसणीला हात घातला.

मग जे झालं ते मेहमूद मरेपर्यंत विसरणार नाही. निवेदकाला सगळा प्रकार कळला आणि त्यानं माईकवर हंबरडाच फोडला. कलेक्टर जप्तीत चालला, घाटाची लाज चालली, आहे का कोणी मर्द. पाच लाख नव्वद हजार बाकी होते. दोन लाख स्कॉर्पिओच्या डॅशबोर्डमध्येच निघाले, फाटक्या माणसाचे. एका वाळूवाल्यानं लाख दिले. एका विटाभट्टीवाल्यानं पन्नास हजार. सर्जेरावांना चार वर्षं शिव्या देणाऱ्या विरोधी पार्टीच्या माणसानं सत्तर हजार दिले, कारण बैल हा राजकारणाच्या वरचा विषय आहे. अर्ध्या तासात रक्कम पुरी झाली. नवनाथनं टेम्पोच्या फाळक्यावर नोटा मोजल्या, पावती फाडली आणि वेसण सोडली. सर्जेराव बैलाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले.

मेहमूदला आनंद झाला होता, पोरीची सीट वाचली होती. त्यानं वळून पाहिलं तर टेम्पोच्या आडोशाला सत्यजीत उभा होता, कारखान्याच्या गणवेशात, पाळी सुटल्यावर थेट आलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं, माईकवरचंही. सात वर्षांत त्याच्या शिक्षणासाठी जे गावात, घरात, तालुक्यात कुणाकडे नव्हतं ते अर्ध्या तासात बैलासाठी गोळा होताना त्यानं पाहिलं होतं. मेहमूदला वाटलं जाऊन याला पोटाशी धरावं. पण तो पोहोचायच्या आत पोरानं गाडीला किक मारली.

कलेक्टर तिसरा आला. बक्षिसात कूलर मिळाला. तो पुतळाबाईंच्या नावावर घेतला.

चोवीस तारखेला खातं बंद झाल्याचं पत्र हातात आलं, पंचवीसला तहमीनाचं कर्ज मंजूर झालं. दौंडच्या बँकेत मेहमूदनं या वेळी एकूण एक पान वाचलं, मोठ्यानं, बोट ठेवून. मागं रांग खोळंबली होती, साहेब दोनदा घड्याळ बघून झाले. "तू बघितलंस ना?" तो प्रत्येक पानाला तहमीनाला विचारत होता, आणि तीही प्रत्येक पानाला "बघितलं, अब्बा" म्हणत होती.

राहिले ते पगारातून गेलेले चव्वेचाळीस हजार. ते सर्जेरावांकडून येणं होतं. नूरबीनं पाठवलं म्हणून मेहमूद एकदा पिंपळदऱ्याला जाऊन आला. वेशीवर नवा फ्लेक्स होता, आधीच्यापेक्षा मोठा. "कोर्टाने जप्त केलेला तालुक्यातला एकमेव बैल. किंमत फक्त ३५ लाख." खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. हौसराव, वाळूवाला, विटाभट्टीवाला, आणि शेवटच्या रांगेत मेहमूद तांबोळी, जामिनाच्या कागदावर लावलेला तोच पासपोर्ट फोटो. सत्यजीतचा फोटो कुठंच नव्हता.

सर्जेरावांच्या मनात राग नव्हता. भाव चौदा लाखांनी वाढल्यावर कुणाला राग येईल? त्यांनी मेहमूदला बसवलं, चहा पाजला आणि पैशांचा विषय निघायच्या आत शाल आणि नारळ आणून सत्कार केला. "तुझ्यामुळं झालं रं समदं," ते म्हणाले. मेहमूद शाल घेऊन दौंडला परतला. त्याला रडावं का हसावं कळेना. ही शाल जरा बरी होती, ती तहमीना होस्टेलवर घेऊन गेली.

नोव्हेंबरची एक तारीख. मेहमूद रात्रपाळी करून सकाळी घरी आला, बूट काढत होता तेवढ्यात मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. खात्यात दोन हजार जमा. त्याच्या पाठोपाठ दुसरा. "चाचा, पैसं पाठवलेत. दर महिन्याला एक तारखेला पाठवत जाईन. बावीस हप्ते होत्यात. न्हाई म्हणू नका. सत्यजीत."

बारा हजार पगारातले दोन हजार. कुठल्या कोर्टानं सांगितलं नव्हतं, कुणी बेलिफ त्याच्या दारात गेला नव्हता. मेहमूद हातात एक बूट घेऊन तसाच बसून राहिला.

"कुनाचा मेसेज?" नूरबीनं आतून विचारलं.

"बँकेचा."

"आता काय म्हनती ती?"

"पैसं आलं म्हणती."

"कुनाचं?"

मेहमूदनं हातातला बूट खाली ठेवला.

"कर्जदाराचं," तो म्हणाला.